चैनीचा प्रवास बेतात बसवायचा तर: काय घ्यायचं, कधी घ्यायचं, काय सोडायचं

विमानाचं दार बंद झालं की बिझनेस क्लासमधल्या रिकाम्या सीटची किंमत शून्य होते. रात्र उलटली की हॉटेलच्या रिकाम्या खोलीचं तेच होतं, आणि जहाजाने धक्का सोडला की केबिनचंही. हा सगळा नाशवंत माल आहे आणि विकणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेत विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठत गेलं, तसं कंपन्यांनी एकाच विमानातल्या एकसारख्या सीटा वेगवेगळ्या भावांनी विकायचं तंत्र पक्कं केलं. पुढे हॉटेलांनी आणि क्रूझ कंपन्यांनी तेच उचललं. त्यामुळे स्क्रीनवर दिसणारा आकडा म्हणजे त्या वस्तूची किंमत नव्हे. ठरावीक तारीख, ठरावीक नाव आणि अख्खं पॅकेज, या तिन्ही गोष्टी हव्यात म्हणणाऱ्याला लावलेला तो भाव असतो. यातली एक गोष्ट सोडायची तयारी ठेवली तरी आकडा हलतो.

अख्खी सहल आलिशान करायला जाऊ नका, तिथेच बजेट कोसळतं. एका सहलीत चैनीचा एकच तुकडा निवडा, एकूण बजेटचा पाव ते तिसरा हिस्सा त्याच्यासाठी बाजूला काढा आणि बाकी सहल साधी ठेवा.

तुकडा कसा निवडायचा

हिशोब तासांचा करा. ज्या गोष्टीचे जादा पैसे देताय ती तुम्ही जागेपणी, किंवा सुखाच्या झोपेत, किती तास वापरणार आहात? नऊ तासांच्या रात्रीच्या विमानात सपाट पलंग मिळाला तर सहा तास झोप होते आणि दुसरा दिवस फुकट जात नाही. तीन तासांच्या दुपारच्या विमानात त्याच वर्गाचे पैसे मोजून हाती येतं ते एक जेवण आणि काचेचा ग्लास. म्हणून नियम सोपा: सात तासांहून लांबचं, रात्रीचं आणि एकाच दिशेचं उड्डाण असेल तरच वरच्या वर्गाचा विचार करा. येताना दिवसाचं विमान असेल तर मुकाट्याने इकॉनॉमी.

हॉटेलचंही तसंच आहे. सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परतणार असाल तर तरणतलाव, बाग आणि खिडकीतून दिसणारा समुद्र हे सगळं तुमच्या माघारी तिथे असणार. शहर पायी पालथं घालायच्या दिवसांत स्वच्छ, मध्यवर्ती, साधी खोली घ्या. चांगलं हॉटेल शेवटच्या एक-दोन रात्रींसाठी ठेवा. सुरुवातीला ठेवलंत तर जेट लॅगमध्ये ते झोपून घालवाल आणि नंतरची प्रत्येक खोली डोळ्यांत खुपेल.

विमान

आधी ती सीट खरोखर चैनीची आहे का ते बघा. युरोपातल्या लहान पल्ल्याच्या उड्डाणांत ‘बिझनेस’ म्हणजे बहुतेक वेळा इकॉनॉमीचीच खुर्ची असते, फक्त मधली सीट रिकामी ठेवलेली. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानातही रचना तपासा. १-२-१ अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट वाटेवर उतरता येतं. २-२-२ किंवा २-३-२ असेल तर खिडकीजवळच्याला रात्री शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागतात. एकाच मार्गावर एकाच कंपनीची दोन वेगळी विमानं वेगवेगळ्या वारी उडतात आणि एकात नवी केबिन, दुसऱ्यात पंधरा वर्षांपूर्वीची, असं सर्रास असतं. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो. सीटचा नकाशा उघडून तो त्याच्याशी ताडून बघा.

आता बोली. बऱ्याच कंपन्या इकॉनॉमीचं तिकीट काढलेल्यांना वरच्या वर्गासाठी बोली लावू देतात. ईमेल आला तर उत्तमच. नाही आला तर कंपनीच्या वेबसाइटवर ‘अपग्रेड’खाली बुकिंग क्रमांक आणि आडनाव टाकून बघा. सगळ्यात स्वस्त भाड्याच्या काही तिकिटांवर ही सोय नसते, त्यामुळे बोलीच्या भरवशावर असाल तर तिकीट काढण्याआधीच अटी वाचा.

समजा, तुमचं तिकीट १०० ला पडलं आहे, बिझनेसचं ३५० ला आहे आणि किमान बोली ६० दिसते आहे. बोली स्वीकारली गेली तर एकूण खर्च १६०, म्हणजे निम्म्याहूनही कमी. पण इथेच ग्यानबाची मेख आहे. ती रक्कम एका माणसाची आणि एका टप्प्याची असते. दोघं जण आणि मध्ये विमान बदलायचं असेल तर ६० चे २४० होतात. म्हणून बोली फक्त लांबच्या टप्प्यावर लावा, दीड तासाच्या जोडउड्डाणावर लावूच नका.

किती लावायची हे ठरवायला केबिन किती भरली आहे ते कळायला हवं. सीटचा नकाशा इथे फसवतो, कारण तिकीट काढूनही सीट न निवडलेले प्रवासी त्यात दिसत नाहीत. त्यापेक्षा त्याच उड्डाणाचं बिझनेसचं बुकिंग सहा-सात प्रवाशांसाठी करून बघा, पैसे भरायच्या पानाआधी थांबायचं. वेबसाइटने सात जणांना जागा दाखवली तर केबिन मोकळी आहे आणि किमान रकमेच्या दहा-पंधरा टक्के वर पुरे. दोनच जणांना दाखवली तर एक तर बोली चांगली चढवा नाही तर नाद सोडा. ही तपासणी उड्डाणाच्या चार-पाच दिवस आधी करा. निर्णय साधारण तीन दिवस ते एक दिवस आधी लागतो आणि त्याआधीच बोली बदलायची खिडकी बंद होते. पडद्यावर दिसणारा ‘कमकुवत ते भक्कम’ असा काटा तुम्हाला वर ढकलण्यासाठीच असतो, त्याच्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

बोली स्वीकारली की पैसे लगेच कापले जातात आणि परत मिळत नाहीत. इकॉनॉमीत आधी पैसे देऊन निवडलेल्या सीटची रक्कम बुडू शकते. मैल, म्हणजे प्रवासागणिक कंपनीकडे साठणारे आणि पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारे गुण, बहुधा मूळ तिकिटाप्रमाणेच जमा होतात. लाउंजचा प्रवेश आणि जादा सामान मिळेलच असं नाही, ते अटींत शोधायचं. एकाच बुकिंगवर दोघं असाल तर दोघांनाही जागा असेल तरच अपग्रेड होतं. त्यामुळे एकच सीट उरली असताना जोडीने लावलेली बोली वाया जाते.

प्रीमियम इकॉनॉमीची लोक टर उडवतात, पण दिवसाच्या लांब उड्डाणाला तीच सगळ्यात पैसा वसूल आहे. दोन रांगांमधलं अंतर इकॉनॉमीत साधारण ७९ सेंटिमीटर असतं, इथे ९६-९७. गुडघ्यांना तेवढं पुरतं. रात्री मात्र खुर्ची सपाट होत नाही, म्हणून रात्रीसाठी ती घेऊ नका.

मैल आणि पॉइंट यांवर रकानेच्या रकाने लिहिले जातात. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली आपली मैलांची योजना सुरू केली आणि मग सगळ्यांनीच कित्ता गिरवला. यात पाळण्यासारखे नियम तीनच. क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण फेडत नसाल तर या वाटेला जाऊ नका, कारण व्याज सगळे पॉइंट गिळतं. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवण्याआधी हव्या त्या तारखेला सीट खरंच उघडी आहे ना ते बघा, कारण एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत आणि वळायलाही कधीकधी दोन-तीन दिवस लागतात. आणि पॉइंट साठवत बसू नका, कंपन्या त्यांचं मोल पूर्वसूचनेशिवाय उतरवतात. पॉइंटवरच्या सीटा दोनदा सुटतात: उड्डाणाच्या जवळजवळ वर्षभर आधी, आणि पुन्हा शेवटच्या दोन आठवड्यांत, जेव्हा त्या विकल्या जाणार नाहीत हे कंपनीला कळून चुकतं.

बिझनेसचं भाडं कुठल्या शहरातून निघता त्यावर दुपटीने बदलतं. शेजारच्या देशातून तेच विमान निम्म्यात मिळताना दिसलं की लोक तिथपर्यंतचं स्वस्त तिकीट वेगळं काढतात. इथे घोडं अडतं ते दोन तिकिटांच्या मधल्या फटीत. पहिलं विमान उशिरा पोहोचलं तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नसते, सामान पुढे जात नाही, ते घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसा लागू शकतो. मधे एक रात्र ठेवत असाल तरच हे करा आणि त्या रात्रीचा खर्च बचतीतून वजा करून बघा.

मधल्या थांब्याचा फायदा घेणं त्यापेक्षा सोपं आहे. आइसलँडएअर अटलांटिक ओलांडताना आइसलँडमध्ये सात दिवसांपर्यंत थांबू देते, विमानभाडं न वाढवता. कतार एअरवेज दोह्यातली चार-पाच तारांकित हॉटेलं थांब्याच्या प्रवाशांना एरवीपेक्षा बऱ्याच कमी दरात देते. टर्किश एअरलाइन्स सहा ते चोवीस तास इस्तंबूलला अडकलेल्यांना शहराची मोफत फेरी घडवते. तिन्हींत एकच अडसर: तुमच्या पासपोर्टला तिथे बाहेर पडायची परवानगी हवी.

हॉटेल: एक रात्र, दोन दिवस

खोली दुपारी तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजता सोडावी लागते. तलाव, बाग, व्यायामशाळा आणि किनारा मात्र बहुतेक हॉटेलं त्याआधी आणि त्यानंतरही वापरू देतात. सकाळी दहाला पोहोचा, नोंदणी करून सामान रिसेप्शनवर ठेवा, पोहायचे कपडे वेगळ्या पिशवीत असू द्या. दुसऱ्या दिवशी खोली सोडल्यावर सामान पुन्हा तिथेच ठेवून संध्याकाळपर्यंत थांबा आणि निघण्याआधी स्पाच्या किंवा तलावाच्या न्हाणीघरात अंघोळ करा. एका रात्रीच्या पैशात दोन भरगच्च दिवस मिळतात. हे चालतं का ते आधी ईमेलने विचारून घ्या, लेखी उत्तर हाताशी असलं की दारात वाद होत नाही.

वार महत्त्वाचा. कामकाजी शहरातली मोठी हॉटेलं रविवारी रात्री ओस पडतात. किनाऱ्यावरची आणि डोंगरातली सोमवार ते गुरुवार. नुकतंच उघडलेलं हॉटेल पहिले काही आठवडे भाव उतरवतं, पण तेव्हा स्पा अपुरा असतो नाहीतर शेजारच्या मजल्यावर ड्रिल मशीन सुरू असते. काय काय सुरू झालंय ते नावानिशी विचारा.

नावाचा आग्रह सोडलात तर हॉटवायर आणि प्राइसलाइन या बुकिंगच्या वेबसाइटांवर हॉटेलचं नाव झाकून विकलेल्या खोल्या मिळतात. भाग, तारे आणि सोयी दिसतात, नाव पैसे भरल्यावर. हॉटेलला उघडपणे भाव पाडायचा नसतो, म्हणून हा आडपडदा. सोयींची यादी आणि पाहुण्यांचे गुण उघड्या यादीशी ताडले तर नाव बऱ्याचदा ओळखता येतं. पैसे परत मिळत नाहीत, पलंग जोड मिळेल की सुटे याची हमी नसते आणि हॉटेलचे पॉइंटही बहुधा मिळत नाहीत. दोघांसाठी एकाच रात्रीची खोली हवी असेल तर ठीक, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी टाळावं.

याच्या अगदी उलट मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. व्हर्चुओसोसारख्या, एजंटांच्या जाळ्यातल्या ट्रॅव्हल एजंटमार्फत मोठं हॉटेल घेतलं तर दर हॉटेलच्या वेबसाइटवरचाच असतो, एजंटला कमिशन हॉटेल देतं आणि तुम्हाला दोघांची रोजची न्याहारी, हॉटेलात खर्चायला ठरावीक रक्कम आणि जागा असेल तर वरची खोली मिळते. ती रक्कम रात्रीमागे नसून मुक्कामामागे असते, त्यामुळे तिचा सगळ्यात जास्त फायदा एका रात्रीच्या पाहुण्याला होतो. हे फक्त श्रीमंतांसाठी असतं असं समजून लोक विचारतच नाहीत. लागोपाठ दोन एक-एक रात्रींची बुकिंग करून रक्कम दोनदा उकळता येत नाही, ती एकच मुक्काम धरतात.

खोली वाढवून मिळावी म्हणून काउंटरवर ‘आमचा लग्नाचा वाढदिवस आहे’ हे वाक्य ऐकून ऐकून रिसेप्शनचे कान किटलेले असतात. त्यापेक्षा येण्याच्या दोन-तीन दिवस आधी, खोल्यांचं वाटप सुरू असतं तेव्हा, एक नेमकी गोष्ट लिहून मागा: ‘वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली’ किंवा ‘लिफ्टपासून दूर, बागेकडे खिडकी असलेली’. ‘काही चांगलं जमलं तर बघा’ असं लिहिलं की ते कोणाचंच काम नसतं.

राजवाड्यात किंवा किल्ल्यात राहायची हौस असेल तर सरकारी हॉटेलं बघा. स्पेनची पाराडोर ही सरकारी साखळी १९२८ पासून चालू आहे आणि तिची नव्वदहून अधिक हॉटेलं आहेत, त्यातली बरीच जुन्या किल्ल्यांत आणि मठांत. ग्रानादाच्या अलहंब्रा राजवाड्याच्या परिसरातलं पाराडोर महाग असतं आणि फार आधी भरतं. सिग्वेन्साच्या किल्ल्यातलं किंवा आलार्कोनचं आठवड्याच्या मधल्या वारी बरंच स्वस्त पडतं, आणि दगडी भिंतींची जाडी तिथेही कमी नाही. ब्रिटनमध्ये लँडमार्क ट्रस्ट ही सरकारी नव्हे तर धर्मादाय संस्था आहे, ती १९६५ पासून जुने मनोरे, गढ्या आणि दीपगृहासारख्या वास्तू दुरुस्त करून मुक्कामाला देते. स्वयंपाक आपला आपण करायचा, भाडं अख्ख्या वास्तूचं. आठ-दहा जण मिळून घेतलं की माणशी खर्च साध्या लॉजइतका येतो. गटाने घेताना पैसे एकाच्या कार्डावरून भरले जातात, म्हणून कोणी गळालं तर त्याचा वाटा कोण उचलणार हे पैसे भरण्याआधी ठरवून घ्या.

तोच रूळ, तेच जंगल, तोच समुद्र

काही महागड्या अनुभवांच्या अगदी बाजूला त्यांचा साधा जुळा भाऊ उभा असतो. चैनीचा खरा गाभा दोघांत सारखाच. याहून मोठी बचत दुसऱ्या कुठल्याच युक्तीने होत नाही.

स्वित्झर्लंडची बर्निना एक्सप्रेस घ्या. मोठ्या काचांच्या पॅनोरामा डब्यात बसायचं तर तिकिटावर आरक्षणाचे जादा पैसे द्यावे लागतात आणि हंगामात जागा मिळत नाही. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून साधारण दर तासाला साधी प्रादेशिक गाडी जाते, आरक्षण लागत नाही. सेंट मॉरिट्झहून इटलीतल्या तिरानोपर्यंत सुमारे अडीच तास लागतात, मध्ये २२५३ मीटर उंचीवरचं ओस्पित्सियो बर्निना स्थानक. साध्या गाडीच्या बऱ्याच डब्यांत खिडकीची वरची काच खाली सरकते. पॅनोरामाच्या बंद, गोलाईच्या काचेत समोरच्या प्रवाशाचं लाल जाकीट प्रतिबिंबित होतं आणि नेमकं तेच फोटोत येतं. साध्या गाडीत हात बाहेर न काढता कॅमेऱ्याचं भिंग काचेच्या फटीत धरलं की काम होतं. दक्षिणेकडे जाताना उजवीकडे बसा, हिमनदी आणि लागो बियांको तलाव त्या बाजूला आहेत. वाटेत आल्प ग्र्यूमला उतरून पुढची गाडी पकडा, एक्सप्रेसवाल्यांना असं मनात येईल तिथे उतरता येत नाही. फक्त तिरानो इटलीत आहे, पासपोर्ट जवळ असू द्या.

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेलं साबी सँड हे खाजगी अभयारण्य, यांच्यामधलं कुंपण १९९३ साली काढून टाकलं. सिंह, बिबटे, हत्ती दोन्हीकडे फिरतात. एका बाजूला लॉजची एक रात्र म्हणजे मोठा खर्च, दुसऱ्या बाजूला सरकारी विश्रांती छावणीतली साधी झोपडी, बाहेर शेगडी, आणि तुम्ही भाड्याची गाडी स्वतः चालवायची. फरक आहेच. खाजगी बाजूला वाटाड्या बिबट्यामागे गाडी रस्ता सोडून झुडपात घालतो, क्रूगरमध्ये रस्ता सोडायला आणि ठरावीक जागा वगळता गाडीतून उतरायला मनाई आहे. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. म्हणून छावणी ते छावणी अंतर मोजताना दर २५ किलोमीटरला एक तास धरा. फाटकं सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, वेळ महिन्यागणिक बदलते, आणि उशिरा पोहोचणाऱ्याला दंड होतो. परदेशी पाहुण्याला रोजचं संवर्धन शुल्कही जादा असतं, ते हिशोबात धरा.

उत्तम जोडणी अशी: तीन रात्री क्रूगरमधल्या स्कुकुझा, सातारा किंवा लोअर साबीच्या छावणीत, मग दोन रात्री खाजगी लॉज. छावणीतून उद्यानाचीच पहाटेची सफारी घ्या. ती उघडी गाडी फाटकं सर्वांना उघडण्याआधी निघते, म्हणजे रात्रभर शिकार करून परतणारा प्राणी रस्त्यावर दिसायची वेळ फक्त तुमची. लॉजच्या दोन रात्रींत चार सफारी बसतात, पण पहिली दुपारी साडेतीन-चारला सुटते. दुपारी दोनपर्यंत पोहोचला नाहीत तर भरलेल्या पैशातला चौथा हिस्सा गेला. महिने जून ते सप्टेंबर: गवत वाळलेलं, प्राणी पाणवठ्याशी. नोव्हेंबर ते मार्च काही लॉज भाव उतरवतात, पण गवत उंच असतं आणि मलेरियाचा धोकाही वाढतो.

मालदीव म्हटलं की एका बेटावर एकच रिसॉर्ट, हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. २००९ नंतर मात्र वस्तीच्या बेटांवरही गेस्ट हाउस उघडायला वाट मिळाली. आता माफुशी, धिगुरा, धरवंधू अशा बेटांवर रिसॉर्टच्या खोलीच्या काही अंशाच्या भाड्यात राहता येतं. पाणी तेच, प्रवाळही तेच. या बेटांवर दारू मिळत नाही आणि पोहण्याचे तोकडे कपडे त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावरच चालतात. सरकारी फेरी स्वस्त आहे, पण शुक्रवारी बहुतेक मार्गांवर बंद असते. आठवडा आखताना हे विसरलात तर स्पीडबोटीचे पैसे पडतात.

रिसॉर्टचा अनुभव हवाच असेल तर गेस्ट हाउसमधून एक दिवसाचा पास घ्या, त्यात जाणं-येणं आणि जेवण बहुधा धरलेलं असतं. पाण्यावरच्या व्हिलात एक रात्र काढायची असेल तर राजधानी मालेहून स्पीडबोटीने पोहोचता येईल असंच रिसॉर्ट निवडा. सीप्लेनचं भाडं एका रात्रीला आणि पाच रात्रींना सारखंच असतं, त्यामुळे एका रात्रीसाठी ते म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय सीप्लेन फक्त उजेडात उडतं. तुमचं विमान दुपारी उशिरा उतरलं तर ती रात्र मालेतच जाते, आणि रिसॉर्टचे पैसे तर भरलेले असतात. गर्दीच्या हंगामात किमान मुक्कामाची अटही असते, म्हणून ही एक रात्र मे ते ऑक्टोबरच्या पावसाळी महिन्यांत जमवणं सोपं. पावसाळी म्हणजे वाईटच असं नाही. बा अटॉल या बेटसमूहातल्या हनिफारू उपसागरात मांटा जातीचे मोठे चपटे मासे जमतात ते याच दिवसांत, साधारण जून ते ऑक्टोबर, आणि धरवंधू तिथून हाकेच्या अंतरावर आहे. त्या उपसागरात हवेची टाकी लावून बुडी मारायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याच्या वरच्या थरात पोहणं, चालतं. म्हणजे महागडं डायव्हिंग न शिकलेल्यालाही तिथे तेवढंच दिसतं.

जहाज

क्रूझ जहाजं वसंतात, एप्रिल-मे महिन्यांत, कॅरिबियनमधून भूमध्य समुद्राकडे जातात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परततात. रिकामं जहाज हाकण्यापेक्षा कंपन्या ही फेरी दिवसामागे फार कमी दरात विकतात. बारा ते सोळा दिवस, त्यातले सहा-आठ दिवस नुसता समुद्र. शरद ऋतूतली पश्चिमेकडची फेरी निवडा. तेव्हा घड्याळ मागे जातं आणि काही दिवस पंचवीस तासांचे मिळतात. वसंतात पूर्वेकडे जाताना दर एक-दोन दिवसांनी एक तास हातचा जातो आणि आठवड्यानंतर सगळं जहाज पेंगुळलेलं दिसतं.

केबिनच्या पूर्ण रकमेची मुदत निघण्याच्या साधारण तीन महिने आधी असते. ती उलटली की रद्द झालेल्या केबिन परत बाजारात येतात, तेव्हा भाव बघा. केबिनचा क्रमांक कंपनीवर सोडणारी ‘गॅरंटी’ केबिन आणखी स्वस्त, पण बोट लागत असेल तर हा जुगार खेळू नका. जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन नेमून घ्या. अटलांटिकच्या वाऱ्यात बाल्कनीत बसणं फार होत नाही, तिचे पैसे वाचवावेत हे उत्तम. एकट्याने जाणाऱ्याला बहुधा दोघांचं भाडं पडतं. परतीचं एकेरी विमान, माणशी रोजची टीप आणि बंदर कर मिळवून मगच ‘स्वस्त’ म्हणा.

दुपारचं ताट आणि उभ्याची जागा

मिशेलिन तारांकित उपाहारगृहांत दुपारचं जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त असतं, स्वयंपाकघर तेच. आरक्षण ठरावीक दिवस आधी, ठरावीक वेळेला उघडतं. ते हुकलं तर दोन दिवस आधी पुन्हा बघा, कारण फुकट रद्द करायची मुदत तिथे संपते आणि टेबलं सुटतात.

व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात चारशेहून अधिक उभ्याच्या जागा असतात आणि त्या खुर्चीच्या तिकिटाच्या तुलनेत क्षुल्लक दरात मिळतात. तळमजल्यावरची उभ्याची जागा सगळ्यात महाग खुर्च्यांच्या लगेच मागे आहे. आत गेलात की समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा, ती तुमची जागा झाली, मग बाहेर पाणी प्यायला जा. चार तासांच्या ऑपेराला टाचेचे बूट घालून गेलात तर दुसऱ्या अंकातच पाय बोलू लागतात.

बिल येतं तेव्हा

दराशेजारी ‘++’ असं दिसलं तर सेवा शुल्क आणि कर वेगळे आहेत. दोन्ही मिळून बिल पाव हिश्शाने वाढू शकतं. रिसॉर्ट शुल्क, हॉटेलपर्यंत नेणाऱ्या बोटीचं भाडं, पार्किंग हे सगळं लेखी विचारून एकच अंतिम आकडा मागवा. चेक-इनला हॉटेल कार्डावर जादा रक्कम अडकवून ठेवतं. डेबिट कार्ड दिलंत तर ती तुमच्या खात्यातली खरीखुरी रक्कम असते आणि सुटायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात, उरलेल्या सहलीचे पैसे त्यातच अडकतात. तिथे क्रेडिट कार्डच द्या. कार्डाच्या मशीनने तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलन निवडा, नाहीतर मशीनवाल्याचा विनिमय दर लागतो आणि तो कायम तोट्याचा असतो. बिल आदल्या रात्रीच मागवून ओळीओळीने वाचा. मिनीबारमधली न उघडलेली बाटली त्यावर दिसली तर ती दाखवायला तेव्हा खोली अजून तुमच्या ताब्यात असते.